फेलिक्स ब्लॉख
फेलिक्स ब्लॉख (२३ ऑक्टोबर, १९०५, झ्युरिक, स्वित्झर्लंड - १० सप्टेंबर, १९८३, झ्युरिक) हे स्विस-अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ होते. अणुकेंद्रांचे चुंबकीय गुणधर्म अचूकपणे मोजण्याच्या पद्धतीसाठी आणि त्या अनुषंगाने लावलेल्या शोधांसाठी त्यांना १९५२ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक एडवर्ड मिल्स पर्सेल यांच्यासोबत विभागून देण्यात आले. ही पद्धत आज अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन किंवा संक्षेपाने एनएमआर या नावाने ओळखली जाते. रसायनशास्त्रात रेणूंची रचना ठरवण्यासाठी आणि वैद्यकात शरीराच्या आतील प्रतिमा घेण्यासाठी (एमआरआय) ती वापरली जाते. स्फटिकातील इलेक्ट्रॉनांचा पुंजयामिकीय सिद्धांत हे ब्लॉख यांचे दुसरे मोठे कार्य होय. युरोपातील सर्न या संशोधनसंस्थेचे ते पहिले महासंचालक होते.

बालपण आणि शिक्षण

ब्लॉख यांचा जन्म झ्युरिकमधील एका ज्यू कुटुंबात झाला. त्यांचे वडील गुस्ताव हे धान्याचे घाऊक व्यापारी होते. आईचे नाव ॲग्नेस. थोरल्या बहिणीचा बालवयातच मृत्यू झाला. शालेय वयात त्यांना गणित आणि खगोलशास्त्राची गोडी लागली. पियानोवादन आणि आल्प्स पर्वतातील भटकंती हे लहानपणी जडलेले छंद त्यांनी पुढे आयुष्यभर जोपासले.

१९२४ मध्ये त्यांनी झ्युरिकच्या संघराज्य तंत्रशास्त्र संस्थेत (ईटीएच) अभियांत्रिकीसाठी प्रवेश घेतला. मात्र वर्षभरातच ते भौतिकशास्त्राकडे वळले. त्या काळी झ्युरिकमध्ये पीटर डिबाय, हेरमान वाइल आणि एर्विन श्रोडिंगर अध्यापन करत होते. श्रोडिंगर यांनी तरंग समीकरण मांडले, त्या काळातील चर्चासत्रांना विद्यार्थी ब्लॉख श्रोते म्हणून उपस्थित असत. पुंजयामिकी आकाराला येत असताना ती तिच्या निर्मात्यांच्या तोंडून ऐकण्याची संधी त्यांना अशी मिळाली.

स्फटिकांचा सिद्धांत

डिबाय यांच्या सल्ल्यावरून ब्लॉख १९२७ मध्ये जर्मनीतील लाइपझिग येथे गेले आणि व्हेर्नर हायझेनबर्ग यांचे पहिले पीएच.डी. विद्यार्थी झाले. धातूत अणूंची दाटी असतानाही इलेक्ट्रॉन त्यातून जवळजवळ विनाअडथळा कसे वाहतात, हा त्यांच्या संशोधनाचा विषय होता. स्फटिकात अणूंची मांडणी ठरावीक अंतराने पुन्हापुन्हा येते. अशा नियमित मांडणीत इलेक्ट्रॉनाचा तरंग अडून न पडता संपूर्ण स्फटिकभर पसरतो, असे त्यांनी गणिताने दाखवले. रोध उत्पन्न होतो तो या नियमितपणात बिघाड झाल्यामुळे, म्हणजे अणूंच्या कंपनांमुळे किंवा अशुद्ध द्रव्यांमुळे. १९२८ मध्ये पूर्ण झालेल्या या प्रबंधातील तरंगांना आज ब्लॉख तरंग म्हणतात. धातू, विसंवाहक आणि अर्धसंवाहक यांतील फरक सांगणारा पट्टसिद्धांत याच पायावर उभा राहिला.

पुढील चार-पाच वर्षांत त्यांनी झ्युरिकमध्ये वोल्फगांग पाउली यांचे सहायक म्हणून, तसेच नेदरलँड्स, कोपनहेगन आणि पुन्हा लाइपझिग येथे काम केले. लोहचुंबकाचे चुंबकत्व तापमानाप्रमाणे कसे घटते याचा नियम, चुंबकीय क्षेत्रखंडांमधील सीमेचे (ब्लॉख भिंत) विवेचन आणि पदार्थातून जाणारे विद्युत्‌भारित कण किती ऊर्जा गमावतात याचे सूत्र (बेथे-ब्लॉख सूत्र) ही या काळातील त्यांची कामे आहेत.

जर्मनीतून अमेरिकेकडे

१९३३ च्या जानेवारीत हिटलर सत्तेवर आला आणि काही महिन्यांतच ज्यू प्राध्यापकांना विद्यापीठांतून काढून टाकण्यास सुरुवात झाली. ब्लॉख तेव्हा लाइपझिग येथे अध्यापन करत होते. त्यांनी जर्मनी सोडली. रॉकफेलर शिष्यवृत्तीच्या आधारे काही काळ ते रोम येथे एन्रिको फेर्मी यांच्याकडे राहिले. त्यानंतर कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे निमंत्रण स्वीकारून १९३४ मध्ये ते अमेरिकेत पोहोचले.

स्टॅनफर्डमध्ये त्या वेळी सैद्धांतिक भौतिकशास्त्राची परंपरा नव्हती. जवळच्या बर्कली येथील रॉबर्ट ओपेनहायमर यांच्यासोबत ब्लॉख संयुक्त चर्चासत्रे घेत असत. युरोपातल्या विद्वत्‌मंडळापासून दुरावलेल्या या तरुण सिद्धांतकाराने इथे एक अनपेक्षित निर्णय घेतला. तो स्वतः प्रयोग करू लागला. १९३९ मध्ये त्यांनी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले. १९४० मध्ये त्यांचा विवाह लोरे मिश यांच्याशी झाला. लोरे याही भौतिकशास्त्रज्ञ होत्या आणि त्यांनाही जर्मनी सोडावी लागली होती. या दांपत्याला तीन मुलगे आणि एक मुलगी अशी चार अपत्ये झाली.

न्यूट्रॉनचे चुंबकीय परिबल

न्यूट्रॉनाचा शोध १९३२ मध्ये लागला होता. या कणावर विद्युत्‌भार नाही. तरीही तो एखाद्या सूक्ष्म चुंबकासारखा वागतो, अशी चिन्हे दिसत होती. विद्युत्‌भार नसलेल्या कणाला चुंबकत्व कोठून येते, हा प्रश्न ब्लॉख यांना महत्त्वाचा वाटला, कारण त्याचे उत्तर न्यूट्रॉनाच्या अंतर्रचनेशी निगडित होते. चुंबकित लोखंडातून न्यूट्रॉनांची शलाका नेल्यास ती अंशतः ध्रुवित होईल, असे त्यांनी १९३६ मध्ये सुचवले. १९३९ मध्ये लुईस आल्व्हारेझ यांच्यासह त्यांनी बर्कलीच्या सायक्लोट्रॉनाच्या साहाय्याने न्यूट्रॉनाचे चुंबकीय परिबल मोजले. ते सुमारे १.९३ अणुकेंद्रीय मॅग्नेटॉन भरले आणि त्यातील अनिश्चितता सुमारे एक टक्का होती.

ही अनिश्चितता कमी करण्याच्या मार्गात एक अडचण होती. मापनासाठी वापरलेल्या चुंबकीय क्षेत्राची तीव्रताच पुरेशी अचूक ठाऊक नव्हती. त्याच क्षेत्रात प्रोटॉनाचेही मापन करता आले, तर क्षेत्राची तीव्रता वेगळी मोजण्याची गरज न पडता दोन परिबलांचे गुणोत्तर थेट मिळाले असते. प्रोटॉन तर साध्या पाण्यातही विपुल असतात. ब्लॉख यांच्या पुढील शोधाचे मूळ या गरजेत आहे.

युद्धकाळ

दुसऱ्या महायुद्धात ब्लॉख १९४३ मध्ये अणुबाँबच्या प्रकल्पासाठी लॉस अलामॉस येथे गेले, परंतु काही महिन्यांतच त्यांनी ते काम सोडले. उर्वरित युद्धकाळ त्यांनी हार्वर्ड विद्यापीठातील रेडिओ संशोधन प्रयोगशाळेत शत्रूच्या रडारला निष्प्रभ करण्याच्या उपायांवर काम केले. रेडिओ तरंगांची निर्मिती, क्षीण संकेतांचे विवर्धन आणि गोंगाटातून संकेत वेगळा काढणे या गोष्टी सिद्धांतकार ब्लॉख तिथे शिकले.

अणुकेंद्रीय प्रवर्तनाचा शोध

१९४५ मध्ये स्टॅनफर्डला परतल्यावर ब्लॉख यांनी विल्यम हॅन्सन आणि तरुण विद्यार्थी मार्टिन पॅकार्ड यांच्यासह प्रयोगाची जुळणी केली. याआधी इसिडोर रॅबी यांनी १९३८ मध्ये निर्वात नळीतून जाणाऱ्या रेणूंच्या शलाकेवर अणुकेंद्रीय अनुस्पंदन दाखवले होते. नेदरलँड्समधील कोर्नेलिस गोर्टर यांना घन पदार्थात मात्र ते आढळले नव्हते. सर्वसाधारण द्रवात वा घनात हा परिणाम मुळात दिसेल का, याविषयी म्हणूनच खात्री नव्हती.

या प्रयोगामागील कल्पना अशी आहे. हायड्रोजनाचे अणुकेंद्र, म्हणजे प्रोटॉन, स्वतःभोवती परिवलन करणाऱ्या चुंबकासारखे असते. त्याला बलवान चुंबकीय क्षेत्रात ठेवले की कलत्या भोवऱ्याचा अक्ष जसा फिरतो, तसा त्याचा अक्ष क्षेत्राच्या दिशेभोवती फिरू लागतो. या गतीस परांचन म्हणतात. परांचनाची कंप्रता क्षेत्राच्या तीव्रतेच्या समप्रमाणात असते. १ टेस्ला क्षेत्रात प्रोटॉनासाठी ती सुमारे ४२.५८ मेगाहर्ट्झ, म्हणजे रेडिओ तरंगांच्या पट्ट्यात येते. बाहेरून नेमक्या याच कंप्रतेचे रेडिओ तरंग दिले की अणुकेंद्रे ऊर्जा शोषतात आणि त्यांचे एकत्रित चुंबकन मूळ दिशेपासून कलते. यालाच अनुस्पंदन म्हणतात. कललेले चुंबकन फिरत असल्यामुळे जवळच्या वेटोळ्यात, जनित्रात निर्माण होते तशी, अत्यल्प विद्युत् निर्माण होते. ब्लॉख यांनी या परिणामाला अणुकेंद्रीय प्रवर्तन असे नाव दिले.

संकेत अत्यंत क्षीण असणे ही मुख्य अडचण होती. सामान्य तापमानाला १ टेस्ला क्षेत्रात क्षेत्राच्या दिशेने झुकलेल्या प्रोटॉनांचे आधिक्य दहा लाखांत जेमतेम तीन-चार इतके असते आणि संकेत केवळ त्या आधिक्यातून मिळतो. शिवाय हे आधिक्य तयार होण्यास किती वेळ लागेल हे कोणालाच ठाऊक नव्हते. तो काही तासांचा असता, तर प्रयोग जवळजवळ अशक्य ठरला असता. पाण्याच्या बाबतीत तो काही सेकंदांचाच निघाला. जानेवारी १९४६ मध्ये सुमारे ०.१८ टेस्ला क्षेत्रात, ७.७६ मेगाहर्ट्झ कंप्रतेला, पाण्यातील प्रोटॉनांचा संकेत ब्लॉख व त्यांच्या सहकाऱ्यांना मिळाला.

ब्लॉख समीकरणे

त्याच वर्षी ब्लॉख यांनी या घटनेचे गणित प्रसिद्ध केले. त्यांनी प्रत्येक अणुकेंद्राचा स्वतंत्र विचार न करता सर्वांच्या एकत्रित चुंबकनासाठी तीन समीकरणे मांडली. त्यांत दोन शिथिलन काल येतात. विचलित झालेले चुंबकन क्षेत्राच्या दिशेने पूर्ववत होण्यास लागणारा काल टी-१. आणि एका तालात फिरणाऱ्या अणुकेंद्रांचा ताल विस्कटण्यास लागणारा काल टी-२. पदार्थाच्या रेणूंची हालचाल, दाटपणा आणि परिसर यांनुसार हे दोन्ही काल बदलतात. रुग्णालयांतील एमआरआय यंत्रे आज मेंदूतील पांढरे व करडे द्रव्य किंवा निरोगी व रोगग्रस्त ऊती यांतील भेद मुख्यतः या दोन कालांतील फरकावरून दाखवतात.

पर्सेल यांचे कार्य आणि नोबेल पारितोषिक

ब्लॉख यांच्या काही आठवडे आधी, डिसेंबर १९४५ मध्ये, हार्वर्डच्या पर्सेल, हेन्री टॉरी आणि रॉबर्ट पाउंड यांनी मेणातील (पॅराफिन) प्रोटॉनांचे अनुस्पंदन पाहिले होते. दोन्ही गटांना एकमेकांच्या कामाची माहिती नव्हती. पर्सेल यांच्या गटाने रेडिओ ऊर्जेचे शोषण मोजले, तर ब्लॉख यांच्या गटाने फिरत्या चुंबकनामुळे वेटोळ्यात निर्माण होणारी विद्युत्. दृष्टिकोन आणि परिभाषा इतकी वेगळी होती, की दोन्ही गटांनी एकच घटना पाहिली आहे हे स्पष्ट होण्यास काही काळ जावा लागला. पारितोषिक दोघांना विभागून मिळाले. स्टॅनफर्ड विद्यापीठाला मिळालेले हे पहिले नोबेल होते. हॅन्सन यांचे मात्र १९४९ मध्येच निधन झाले होते.

मूळ उद्दिष्टही साध्य झाले. १९४८ मध्ये ब्लॉख, निकोडीमस आणि श्टाउब यांनी न्यूट्रॉन व प्रोटॉन यांच्या चुंबकीय परिबलांचे गुणोत्तर पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक अचूकतेने मोजले.

रसायनशास्त्राकडे वळण

या शोधाचे व्यावहारिक मोल ओळखणाऱ्यांत अभियंता रसेल व्हेरियन हे अग्रभागी होते. त्यांच्या आग्रहामुळे ब्लॉख आणि हॅन्सन यांनी पेटंटसाठी अर्ज केला. व्हेरियन बंधूंनी १९४८ मध्ये स्थापलेल्या कंपनीने पुढे एनएमआर यंत्रे बाजारात आणली आणि पॅकार्डही तिथे रुजू झाले.

भौतिकशास्त्रज्ञांचा हेतू अणुकेंद्राचे गुणधर्म मोजण्याचा होता. एका मूलद्रव्याच्या एका समस्थानिकासाठी एकच कंप्रता मिळेल अशी त्यांची अपेक्षा होती. १९५० मध्ये ब्लॉख यांच्याच विभागातील वॉरन प्रॉक्टर आणि फू चुन यू यांना अमोनियम नायट्रेटाच्या विद्रावात नायट्रोजनाचे एकाऐवजी दोन संकेत मिळाले. एक अमोनियम गटातील नायट्रोजनाचा होता, तर दुसरा नायट्रेट गटातील. कारण असे, की अणुकेंद्राभोवतीचे इलेक्ट्रॉन बाहेरच्या क्षेत्रापासून त्याला थोडासा आडोसा देतात आणि हा आडोसा रासायनिक बंधांनुसार बदलतो. या फरकाला रासायनिक विस्थापन म्हणतात. अणुकेंद्राचे परिबल अचूक मोजू पाहणाऱ्यांना ही नको असलेली गुंतागुंत होती. रसायनशास्त्रज्ञांच्या हाती मात्र तिने रेणूच्या आत पाहण्याचे साधन दिले.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण १९५१ मध्ये स्टॅनफर्ड येथेच जेम्स अर्नोल्ड, एस. एस. धर्मट्टी आणि पॅकार्ड यांनी प्रसिद्ध केले. अधिक एकसारखे चुंबकीय क्षेत्र वापरून त्यांनी साध्या मद्यार्काचा (एथेनॉल) वर्णपट घेतला. त्यात प्रोटॉनांचे तीन वेगळे संकेत आले आणि त्यांची क्षेत्रफळे १:२:३ या प्रमाणात होती. एथेनॉलाच्या रेणूत ऑक्सिजनाला जोडलेला एक, मधल्या कार्बनाला जोडलेले दोन आणि टोकाच्या कार्बनाला जोडलेले तीन हायड्रोजन असतात. कागदावर लिहिलेले रचनासूत्र जणू यंत्राने वाचून दाखवले. पुढे क्षेत्र आणखी एकसारखे झाल्यावर या संकेतांचेही विभाजन दिसले. एथेनॉलातील टोकाचा गट तीन रेषांत, तर मधला गट चार रेषांत विभागतो; त्यावरून कोणता गट कोणाच्या शेजारी आहे हे कळते. नमुन्याची नळी गरगर फिरवली की क्षेत्रातील लहानसहान असमानता सरासरीने नाहीशी होते, ही सूचनाही ब्लॉख यांचीच होती.

मुंबईतील संशोधनाशी संबंध

एथेनॉलावरील या शोधनिबंधाचे सहलेखक धर्मट्टी भारतात परतल्यावर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दाखल झाले. होमी भाभा यांनी १९४५ मध्ये स्थापलेल्या या संस्थेत त्यांनी १९५० च्या दशकात एनएमआर संशोधनाचा गट उभा केला. अशा रीतीने ब्लॉख यांच्या प्रयोगशाळेतील तंत्र शोधानंतर काही वर्षांतच महाराष्ट्रात आले. धर्मट्टी आणि सी. आर. काणेकर यांनी कोबाल्टाच्या निरनिराळ्या संयुगांतील रासायनिक विस्थापनांचा अभ्यास केला. कोबाल्टाच्या अणुकेंद्राचे विस्थापन प्रोटॉनाच्या मानाने फार मोठे असते, त्यामुळे धातू आणि त्याला जोडलेले गट यांच्यातील बंधांचा माग त्यावरून घेता येतो. याच गटात मिश्रधातू आणि चुंबकीय पदार्थांवरील एनएमआर संशोधनही सुरू झाले.

पुढे याच संस्थेत उच्च क्षेत्र एनएमआरची राष्ट्रीय सुविधा उभारण्यात आली. गिरजेश गोविल, आर. व्ही. होसूर आणि के. व्ही. आर. चारी यांनी तिथे प्रथिने व न्यूक्लिइक अम्ले यांच्या रचनांवर काम केले. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि पवईची भारतीय तंत्रज्ञान संस्था यांतही हे तंत्र नित्याच्या वापरात आहे.

सर्न आणि उत्तरायुष्य

युद्धाने विस्कळित झालेल्या युरोपात भौतिकशास्त्राचे सामाईक केंद्र उभारण्यासाठी जिनीव्हाजवळ सर्नची स्थापना झाली. ऑक्टोबर १९५४ मध्ये ब्लॉख तिचे पहिले महासंचालक झाले. वीस वर्षांपूर्वी युरोप सोडावा लागलेल्या शास्त्रज्ञाचे हे पुनरागमन होते; परंतु ते अल्पकाळच टिकले. प्रशासनापेक्षा त्यांचा ओढा संशोधनाकडे होता. जून १९५५ मध्ये त्यांच्या हस्ते संस्थेची कोनशिला बसवण्यात आली आणि त्याच वर्षी ते पद सोडून स्टॅनफर्डला परतले.

त्यानंतर त्यांनी अतिसंवाहकता आणि सांख्यिकीय यामिकी या विषयांवर काम केले. १९६५ मध्ये ते अमेरिकन फिजिकल सोसायटीचे अध्यक्ष होते. १९७१ मध्ये ते निवृत्त झाले. सांख्यिकीय यामिकीवरील त्यांचे पुस्तक अपुरे राहिले. त्यांच्या टिपणांवरून जॉन वालेका यांनी ते पूर्ण केले आणि १९८९ मध्ये ते प्रसिद्ध झाले. १० सप्टेंबर १९८३ रोजी जन्मगावी, झ्युरिक येथे, हृदयविकाराच्या झटक्याने ब्लॉख यांचे निधन झाले.

वारसा

ब्लॉख यांच्या पद्धतीचा पुढील विकास अनेकांच्या हातून झाला. १९६६ मध्ये रिचर्ड एर्न्स्ट आणि ब्लॉख यांचे माजी विद्यार्थी वेस्टन अँडरसन यांनी रेडिओ तरंगांचा एकच अल्पकालीन स्पंद देऊन सगळा वर्णपट एकाच वेळी मिळवण्याची रीत आणली. त्यामुळे अल्प नमुन्यांचा अभ्यास शक्य झाला आणि कार्बन-१३ सारखी विरळ अणुकेंद्रेही आटोक्यात आली. एर्न्स्ट यांना १९९१ चे, तर विद्रावातील प्रथिनांच्या त्रिमितीय रचना ठरवणारे कुर्ट व्ह्यूट्रिख यांना २००२ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. चुंबकीय क्षेत्र जाणूनबुजून असमान केल्यास संकेताच्या कंप्रतेवरून त्याची जागा कळते, हे तत्त्व वापरून पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये प्रतिमा घेतली. या कार्यासाठी त्यांना आणि पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ चे वैद्यकाचे नोबेल देण्यात आले.

औषधांच्या रेणूंची रचना व शुद्धता तपासणे, वनस्पतींपासून वेगळ्या केलेल्या द्रव्यांची ओळख पटवणे, बियांतील तेलाचे प्रमाण ती न फोडता मोजणे आणि खनिज तेलाच्या विहिरीतील खडकांची सच्छिद्रता अजमावणे, असे या तंत्राचे उपयोग आज दूरवर पसरले आहेत. या सर्वांची सुरुवात न्यूट्रॉनाच्या चुंबकत्वाची एक संख्या आणखी अचूक मिळवण्याच्या प्रयत्नातून झाली होती.